पाठमोरा जावई

शेळी आणायचं ठरलं तेव्हा शेळीला कुणी विचारलं नव्हतं, आणि अजांबोलाही नाही. सकाळपासून दोघी सिओ नदीच्या दोन काठांवर समोरासमोर होत्या. शेळी केनियाच्या काठावर, अजांबो युगांडाच्या. शेळी पाला चघळत होती, अजांबो स्वतःचा गाल आतून चघळत होती, आणि दुपारपर्यंत आपल्यापैकी कुणा एकीची मान कापली जाणार हे दोघींनाही कळून चुकलं होतं.

नदी म्हणायची आपली. रानउंबराच्या उतारावर तिला गुडघाभर पाणी. अजांबोच्या दिराची, वांगिराची, गाय मधोमध बसली की तिची शिंगं एका देशात आणि शेपूट दुसऱ्या देशात, आणि दूध कुठल्या देशाचं यावर आजवर कुणी तंटा केला नव्हता. पण साथ आली आणि सरहद्द बंद झाली. बंद म्हणजे अशी बंद, की मोठ्या फाटकातून लॉरी जाई, लॉरीतली अंडी जात, लॉरीच्या टपावर घोरणारा क्लीनरसुद्धा जाई. डोक्यावर अंड्यांचे ट्रे घेतलेली बाई मात्र जात नसे. "साथ काय चाकांना भिते?" असं अंडीवाल्या तेरेजाने फाटकावरच्या शिपायाला विचारलं होतं. त्याने दांडकं दाखवलं.

म्हणून बायका उंबराच्या उतारावर आल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे अजांबो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर एकावर एक ट्रे, वरून लेसोची, अंगावर गुंडाळायच्या छापील कापडाची, गाठ मारलेली. नदी पार करून ती वर चढते तो समोर बंदूक घेतलेला पोलीस.

"थांबा!" तो गरजला. आणि मग त्याला तिचं तोंड दिसलं.

कॉन्स्टेबल एगेसा, तिचा जावई. पोलिसाला त्याच्याच गावात नेमत नाहीत म्हणतात. पण निम्मे शिपाई साथीत आडवे झाले होते आणि उभ्या राहिलेल्यांत सगळ्यात सरळ उभा राहणारा एगेसा होता.

आता या लोकांत सासू-जावई एकमेकांचं तोंड बघत नाहीत. भांडण असतं म्हणून नव्हे, मान असतो म्हणून. वाटेत सासू दिसली की जावयाने झाडीत शिरायचं आणि ती लांब जाईतो बाहेर यायचं नाही. लग्न झाल्यापासून अजांबोने एगेसाची फक्त मान पाहिली होती, आणि पळताना टाचा. पण त्या मानेवरून ती सगळं ओळखे. "पोरगा वाळलाय," ती लेकीला निरोप धाडी, "मक्याची उगाली जरा घट्ट शिजव."

त्या दिवशीही रीत मोडली नाही. एगेसा बंदुकीसकट घाणेरीच्या झुडपात घुसला. अजांबोही गर्रकन वळून पाठमोरी उभी राहिली. दोन पाठी, आणि मधे कायदा. ट्रेमधली अंडी उन्हाने उबायला लागली.

मागून तेरेजा म्हणाली, "चल की गं!"

"त्याची ड्युटी आहे ना."

"ड्युटी बघायची आहे. त्याला बघता येत नाही यात तुझा काय दोष? चल, नाहीतर माझ्या ट्रेमधून पिल्लं ओरडायला लागतील."

त्या गेल्या. कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेल्या. सासूची बहीण सासूच, चुलत बहीणही सासूच, एवढं तर रीतीतच होतं. पण आठवडा सरेपर्यंत उतारावरची एकूण एक बाई एगेसाची सासू निघाली. साबणवाली त्याच्याहून वयाने लहान, तीही सासू. तेरेजाचं नातं तर असं, की तिच्या आजीला आणि अजांबोच्या आजीला एकच साप चावला होता.

बिचारा एगेसा उजाडता येई, बंदूक खांद्याला लावी आणि झुडपाकडे तोंड करून दिवस मावळेतो उभा राही. इतका निश्चल, की एका सुगरणीने त्याच्या बंदुकीच्या नळीला घरटं लोंबवलं. त्याने हाकललं नाही. मादी अंड्यांवर बसली होती. पलीकडे जाताना अजांबो उंबराच्या मुळावर एक उकडलेलं अंडं ठेवी. कुणासाठी ते बोलत नसे. मीठ-साबण घेऊन परतताना बघावं तर टरफलं पानात नीट गुंडाळलेली.

असंच चालायचं, पण इन्स्पेक्टर मुसेम्बीला ऑम्लेट आवडे. पोलीस चौकीसमोर एगेसाच्या आईचं, मारिताचं, खानावळीचं खोपट होतं आणि साहेब तिथे न्याहारी करी. एक दिवस घास तोंडाशी नेता नेता त्याला शंका आली.

"मारिता, सरहद्द बंद. मग रोज तीन अंडी येतात कुठून?"

"कोंबड्या हल्ली मन लावून काम करतात साहेब."

साहेब ऑम्लेट संपवून थेट उतारावर गेला.

"कॉन्स्टेबल! नदी तुझ्या मागे आहे!"

"हो साहेब."

"मग तोंड तिकडे का?"

"मागे सासू आहे साहेब."

मुसेम्बीने वळून पाहिलं. "या किती सासवा आहेत तुला?"

"मोजल्या नाहीत साहेब. बघता कुठे येतं?"

"आणि हे बंदुकीला काय लोंबतंय?"

"कुटुंब आहे साहेब."

साहेबाने शुक्रवारची मुदत दिली. नदीकडे तोंड कर, पलीकडून येईल त्याला धरून शाळेत कोंड, नाहीतर वर्दी उतरव आणि सरकारी खोली खाली कर. नेरिमाला, अजांबोच्या लेकीला, नववा महिना लागलेला. खोलीला पत्र्याचं का होईना छप्पर होतं, दारात नळ होता. तिने सासूपुढे डोळ्यांतून पाणी काढलं, आणि न्याहारीला बसलेल्या साहेबादेखत मारिताच्या तोंडून निघून गेलं की यावर जुना उपाय आहे. जावयाच्या बाजूने एक कोवळी शेळी न्यायची, सासूने तिचा दोर आपल्या हाताने धरायचा. दोर धरला की लाज फिटली. मग दोघांनी खुशाल एकमेकांकडे बघावं.

"मग आणा शेळी!" मुसेम्बी ओरडला.

तर शुक्रवारची ही बैठक. दोर धरला की एगेसा नदीकडे वळणार, आणि वळल्याबरोबर पहिली अडवायची ती अजांबोलाच. मागच्या सगळ्या बायांच्या चुली थंड. नाही धरला तर लेक भरल्या पोटी रस्त्यावर. अजांबो आदल्या दिवसापासून यावर विचार करत होती आणि विचार त्या गाईसारखा मधोमध बसून राहिला होता.

तिच्या शेजारी स्टुलावर थोरला दीर वांगिरा बसला होता. नवरा गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्याचा. निदान त्याला तसं वाटे.

"अजांबो, ती पलीकडची माणसं कधीची तिष्ठताहेत. दोर धरून मोकळी हो."

"भाऊजी, सुरी कशाला आणलीत?"

"सहज. घरी एकटी राहत नाही ती."

"आणि पुडीत काय आहे?"

"मीठ. सुरीला सोबत."

मागे ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बायांत हशा पिकला. तेरेजा मात्र हसली नाही. "ऐक अजांबो," ती कानाशी लागली, "दोराला हात लावलास तर मी तुझ्या दारात येऊन मरेन. आणि मी लवकर मरणारी नाही, सांगून ठेवते. बरेच दिवस लागतील."

पलीकडून मारिताने गळा काढला. "विहीणबाई! माझ्या लेकाची भाकरी तुमच्या हातात आहे हो! धरा तो दोर!" एका हाताने ती छाती बडवत होती, दुसरा हात मात्र साहेबाला दिसणार नाही असा शेळीच्या आड होता, आणि त्या हाताची बोटं सारखी नको नको म्हणत होती. अंडी गेली की खानावळ गेली, हे विहिणीला रडता रडताही विसरता येत नव्हतं.

अजांबोने दोन्ही हातांचं म्हणणं ऐकून घेतलं.

"आई!" पलीकडे नेरिमा पोटाला हात लावून उभी होती. "तुला तुझी अंडी प्यारी आहेत का मी? माझं पोर काय उंबराखाली होऊ देऊ?"

"अगं बये, ओरडू नकोस, कळ येईल! दोर त्या काठावर आहे, हात या काठावर. धरू कशी?"

आणि सगळ्यांनी आधी दोराकडे पाहिलं, मग पाण्याकडे. दोन्ही काठांवर. इतका खटाटोप झाला, पण ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. लाज फिटायला शेळी पलीकडे जायला हवी, आणि पलीकडे जायला तर बंदी.

मुसेम्बी छत्रीखाली उभा होता. तो म्हणाला, "शेळीला बंदी नाही. शेळीला सोडा एकटी."

सोडली. शेळी पाण्यापर्यंत आली, दोन घोट प्याली, दोन्ही देश नीट बघून घेतले आणि परत फिरून साहेबाच्या छत्रीची झालर खाऊ लागली.

"एकटी चालायची नाही हो," वांगिरा या काठावरून ओरडला. त्याच्या भुकेल्या पोटाचा आवाजही नदीपार गेला असता. "जावयाच्या बाजूच्या पुरुषाने हाताने आणायला हवी. रीत आहे!"

"जावयाच्या बाजूला पुरुष कोण?"

"बाप वारला त्याचा," मारिता नाक पुसत म्हणाली. "पण साहेब, तुम्ही त्याचे वरचे. म्हणजे बापाच्या जागी तुम्हीच की."

मुसेम्बी काही वाईट माणूस नव्हता. दूरच्या किटुईकडचा, नाकासमोर चालणारा. फक्त कुणी मोठेपणा दिला की त्याचं नाक बरंच लांब होई. त्याने छत्री मिटली, टोपी सारखी केली आणि दोर हातात घेतला.

"बूट तरी काढा साहेब," नेरिमा म्हणाली.

"सरकार बूट काढत नसतं."

आणि सरकार पाण्यात उतरलं. शेळी पुढे, सरकार मागे. मधे शेळी अडली तेव्हा सरकार पुढे, शेळी मागे. साहेब या काठावर चढला तेव्हा त्याच्या बुटांतून प्रत्येक पावलाला पचक पचक आवाज येत होता. त्याने दोर अजांबोपुढे धरला आणि भाषण करतात तसा घसा साफ केला.

"घ्या बाई. कायद्याला मदत करा."

दोर जुना होता, केळीच्या सोपटाचा, शेवटाला गाठ. अजांबो त्या गाठीकडे बघत राहिली. पलीकडे एगेसा झुडपाकडे तोंड करून उभा होता, नळीला घरटं. त्याची मान तिला तेवढ्या अंतरावरूनही दिसली. ताठ होती, रात्रभर न झोपलेल्या माणसाची असते तशी. वर्दी गेली तर ही मान कुठे वाकेल? कुणाच्या मळ्यात, कुणाच्या ट्रकवरच्या पोत्याखाली?

तिने मागे पाहिलं. तेरेजाने आपला ट्रे खाली ठेवला होता.

"धर," तेरेजा म्हणाली.

"तू तर मरणार होतीस."

"मरेन सवडीने. पोरीचं पोट बघ किती खाली आलंय. आम्ही काय, मासळी वाळवू, पोटुशा बाया खातात ती माती विकू. धर मेले, आता माझं मन पालटायच्या आत."

अजांबोने हात पुढे केला. वांगिराने सुरी अंगठ्यावर घासून पाहिली. मारिताचा शेळीआडचा हात उघडा पडला होता, तो तिने घाईने डोक्यावर मारून घेतला. गाठ आणि बोटं यांत वीतभर अंतर राहिलं होतं, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"साहेब! एक विचारू?"

एगेसा होता. तोंड अर्थात झुडपाकडेच.

"विचार!"

"तुम्ही आत्ता कुठे आहात साहेब? मला दिसत नाही म्हणून विचारतो. पाण्याचा आवाज पलीकडे गेला तो ऐकला. परत आलेला नाही."

"पलीकडेच आहे! शेळी देतोय ना!"

"बरं साहेब." एगेसा जरा थांबला. "म्हणजे आता सासूबाईंनी दोर धरला की मी वळणार. वळलो की नदीकडे बघणार. आणि पलीकडून जो पहिला येईल त्याला धरून शाळेत कोंडणार, चौदा दिवस. लहान असो, मोठा असो. हुकूम तुमचाच आहे साहेब, मी पाठ केलाय."

मुसेम्बी हसला. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्याच्या आतून साहेब निघून गेला.

त्या शाळेच्या खिडक्यांना फळ्या त्यानेच ठोकून घेतल्या होत्या. कोंडलेल्यांच्या जेवणाला किडके घेवडे त्यानेच मंजूर केले होते. सध्या आत एक धर्मोपदेशक कोंडलेला होता. तो सकाळ-संध्याकाळ जगबुडीवर प्रवचन देई आणि ऐकायला दुसरं कुणी नसल्याने त्याचा आवाज रोज वाढत चालला होता.

"अरे, मी तुझा साहेब आहे!"

"हो साहेब. म्हणून तुमचा हुकूम तरी नीट पाळायला हवा."

हा पोरगा भोळा आहे की पोचलेला, हे अजांबोला त्या मानेवरून पहिल्यांदाच सांगता येईना.

"मी मोठ्या फाटकाने येतो," मुसेम्बी म्हणाला.

"या की," वांगिरा म्हणाला. "तिथे आमचे शिपाई आहेत. केनियाचा पोलीस, वर्दीत, ओल्या बुटांनी, शेळीसकट युगांडात काय करतोय, हे ऐकायला त्यांना फार आवडेल. सावकाश ऐकतात ते. मधून मधून जेवायला जातात."

"मग लॉरीत बसून."

"लॉरीतून अंडी जातात साहेब," तेरेजा म्हणाली. "तुम्ही अंडं आहात का?"

मुसेम्बीने हातातल्या दोराकडे पाहिलं. मग तो दोर त्याने हळूच, कुणाला कळू नये अशा बेताने, मागे ओढून घेतला.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "दोर धरू नका."

"काय?" वांगिरा स्टुलावरून उठला. "मी धार लावून आणलीय!"

"छे, छे," अजांबो म्हणाली. तिच्या अंगात सकाळपासून प्रथमच ऊब आली होती. "असं कसं साहेब? लेकीच्या डोक्यावरचं छप्पर चाललंय. धरायलाच हवा." आणि तिने हात लांबवला.

मुसेम्बीने दोर पाठीमागे लपवला. ती डावीकडून आली, तो उजवीकडे सरला. शेळीला वाटलं खेळ आहे. ती दोघांभोवती एक फेरी मारून आली, मग दुसरी, आणि केनियाचा इन्स्पेक्टर व युगांडाची अंडीवाली एकाच दोरात एकमेकांना बांधले गेले. आता अजांबोचा हात दोरापासून बोटभर लांब होता, आणि तो तिथेच ठेवून ती बोलली.

"छप्पर?"

"राहील."

"वर्दी?"

"तीही."

"आणि नेमणूक? याच उंबराखाली? याच झुडपाकडे तोंड करून?"

"याच... हो, याच झुडपाकडे!"

"जरा मोठ्याने साहेब. दोन देश ऐकताहेत."

मुसेम्बीने दोन देशांना ऐकू जाईल असं सांगितलं. पलीकडे मारिता रडायची थांबली आणि चटकन पुन्हा सुरू झाली, पण चाल बदलली होती.

"अजून एक," अजांबो म्हणाली. हे तिने मात्र हळू आवाजात सांगितलं. "लेकीला कळा सुरू झाल्या की मी येणार. दिवस असो, रात्र असो. जावई बघणार नाही, त्याला बघता येत नाही. तुम्हाला बघता येतं."

मुसेम्बीच्या कपाळावरचा घाम नाकावरून शेळीच्या पाठीवर पडला. "माझे डोळे हल्ली अधू झालेत बाई," तो म्हणाला. "डॉक्टरला दाखवायचे आहेत."

तेरेजाने दोघांना सोडवलं. शेळीची मान वाचली, वांगिराचा चेहरा पडला. त्याला दोन उकडलेली अंडी दिली, म्हणजे निदान मिठाला तरी काम मिळालं; सुरी कोरडीच राहिली.

"पण मी जाऊ कसा?" मुसेम्बी म्हणाला.

"तो कुणाकडे बघत नाही?" तेरेजाने विचारलं.

"सासवांकडे."

"मग?"

मुसेम्बीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली. पण तोवर तेरेजाने टोपीवरूनच आपला लेसो गुंडाळला होता. पिवळा, त्यावर लाल काजू. डोक्यावर चुंबळ बसवली, चुंबळीवर एक ट्रे ठेवला.

"मान ताठ. हात खाली. साहेबासारखं चालू नका, कमरेने चाला."

"मी त्याची सासू कोणत्या नात्याने?" कायद्याचा माणूस, त्याला हे विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"तुमच्या आजीला कधी साप चावला होता का?"

मुसेम्बीने आठवून पाहिलं. "चावला होता म्हणतात. किटुईला."

"झालं तर. तोच असणार."

रांग निघाली. पुढे अजांबो, मागे साबणवाली आणि बाकीच्या, मधे मुसेम्बी, त्याच्या मागे तेरेजा, आणि शेवटी दाव्याविना शेळी, जी आता स्वतःहून चालत होती. नेरिमाने पलीकडे लेसोचा पदर तोंडात कोंबला होता. मारिता खानावळीकडे पळाली. तवा तापवायचा होता.

"सासवा येताहेत!" अजांबोने रोजच्यासारखी हाळी दिली.

एगेसा आधीच पाठमोरा होता. तरी रीत म्हणून आणखी पाऊलभर झुडपात शिरला.

चपलांचा चप् चप् आवाज चढावर आला. अजांबो त्याच्यापासून दोन हातांवर पोचली. एवढ्या जवळून तिने ती मान कधी पाहिली नव्हती. कानामागे घामोळं आलं होतं. तिने उंबराच्या मुळावर अंडं ठेवलं. मग आपल्या ट्रेमधून आज आणखी एक काढून ठेवलं.

तेवढ्यात चपलांच्या आवाजात तो दुसरा आवाज आला. पचक. पचक. पचक.

एगेसाचे कान हलले. त्याने टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली आणि घाणेरीच्या झुडपाला खाडकन सलाम ठोकला. नळीवरची सुगरण भुर्रकन उडाली.

आणि मुसेम्बी, ज्याने आयुष्यात कधी सलाम परत केल्यावाचून ठेवला नव्हता, त्याचाही उजवा हात आपोआप वर गेला.

"हात खाली!" तेरेजा ओरडली, पण उशीर झाला होता. हात ट्रेला लागला, ट्रे एका अंगाला कलला, आणि सगळी अंडी एकामागून एक साहेबाच्या खांद्यावरून, छातीवरून, बिल्ल्यावरून खाली आली. एक पिवळा बलक काजूंच्या नक्षीवर थांबला आणि मग सावकाश त्याच्या नाकावर उतरला. कुणी हललं नाही. या काठावर बघायचा अधिकार ज्या दोघांना होता, त्यांतल्या एकाचे डोळे बलकाने बंद झाले होते आणि दुसऱ्याचं तोंड झुडपाकडे होतं.



"झुडपा," एगेसा म्हणाला. जावयाने सासूशी बोलायचं नसतं, झुडपाशी बोलायला हरकत नसते. "झुडपा, काही फुटलं का रे?"

लग्न झाल्यापासून अजांबोने त्याला कधी उत्तर दिलं नव्हतं. तिने चुंबळ सारखी केली, ट्रे तोलला आणि उंबराकडे तोंड फिरवलं.

"उंबरा," ती म्हणाली, "त्याला सांग, आपलं काही नाही. सरकारचंच होतं."

झुडूप गप्प राहिलं. पण त्या मानेवरची शीर थरथरली, मग खांदे, मग बंदूक, मग नळीला लोंबणारं घरटं हलू लागलं, आणि अजांबोला तोंड न बघताही कळलं की जावई हसतोय.